मिग-२१ च्या लेखात नेमकं किती डिटेल टाकायचं?

ओझरची_लेक
नमस्कार मंडळी. मी मराठी विकिपीडियावर मिग-२१ ह्या लढाऊ विमानाचा लेख वाढवतेय, दोन महिने झाले. बाबा नाशिकजवळ ओझरला मिगच्या कारखान्यात कामाला होते, लहानपण टाउनशिपमधेच गेलं, विमान डोक्यावरून गेलं की खिडकीच्या काचा थरथरायच्या, त्यामुळे विषय अगदी घरचा. आता लेख फुगत फुगत साडेसहा हजार शब्दांवर गेलाय. सगळ्या व्हेरियंटचं टेबल, वजन, लांबी, टायरचं प्रेशरसुद्धा, कुठली स्क्वाड्रन कधी कुठे होती, अपघात तारखेवार, सगळं आहे. एका जुन्या संपादकाने चर्चापानावर लिहिलंय की हा ज्ञानकोश आहे, मेंटेनन्स मॅन्युअल नाही, निम्मं काढा. वाईट वाटलं. पण परवा नववीतल्या भाच्याला वाचायला दिला तर तो टेबलापाशीच अडकला आणि म्हणाला, मावशी, पण हे विमान एवढं फेमस का होतं? ते उत्तर माझ्या लेखात पार खाली, सतराव्या परिच्छेदात होतं. कुठे थांबायचं असतं?

पंचवटीकर
ताई, भाच्याने बरोबर जागी बोट ठेवलंय. मी एवढंच बघतो की हा आकडा काढला तर पुढचं काही समजायचं राहतं का. राहत असेल तर ठेवा, नाहीतर उडवा. टायरचं प्रेशर काढलं तर काहीच बिघडत नाही. पण हे बघा, आपल्याकडच्या एफएल मॉडेलला अंगची तोफच नव्हती, दोन के-१३ क्षेपणास्त्रं संपली की वैमानिकाच्या हातात काही नाही. मग पोटाखाली जीपी-९ नावाचा पॉड बसवला, त्यात २३ मिमीची दुनळी तोफ, आणि १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं स्टारफायटर हे लढाऊ विमान पाडलं ते ह्याच तोफेने. आता '२३ मिमी' हे टेबलात नुसतं पडलं असतं तर कोणी बघितलंही नसतं. तोफेला सहा ओळी द्या, बिनधास्त द्या. आणि १९६३ ला चंदीगडला आलं, आपलं पहिलं सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, फायटर, २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडलाच निरोप, हे पहिल्या परिच्छेदात पाहिजे.

जुना_फिटर
बाळा मी पण ओझरलाच, असेंब्लीला होतो, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. तुझे बाबा कुठल्या शॉपला होते? काप पण नाशिकचं कापू नको. बाहेरचे लिहितात ते 'भारतात लायसन्सखाली उत्पादन' एवढ्या एका ओळीत उरकतात. कारखाना १९६४ चा, एअरफ्रेम म्हणजे विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, आधी एफएल मग एम मग बिस अशी मॉडेलं, मिळून सहाशेच्या वर विमानं इथून गेली. द्राक्षाच्या गावात सुपरसॉनिक विमान बनायचं हे मराठीत नाही लिहायचं तर कुठे लिहायचं. आणखी एक टाक, एफएलची कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची काच, तिला पुढे बिजागरी, अख्खी काच वर उचलली जायची, एम आणि बिसची बाजूला उघडते. आम्ही लांबून तेवढ्यावरनं ओळखायचो. वाचणाऱ्याला फोटोत लगेच दिसेल, टेबल वाचायची गरजच नाही.

सावाना_वाचक
काकांशी सहमत. फक्त अपघातांबद्दल बोलायचं होतं. तारखेवार यादी मुख्य लेखातून काढा पण पुसून टाकू नका, वेगळं पान करा, कारण त्यातली एकेक तारीख म्हणजे कुणाचं तरी घर आहे. मुख्य लेखात कारण पाहिजे. २०१२ ला संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं होतं की ८७२ मिगपैकी ४८२ अपघातात गेली, १७१ वैमानिक गेले. हा आकडा नुसता ठेवला की लोक 'उडती शवपेटी' म्हणून मोकळे होतात. कारणं म्हणजे छोटे डेल्टा, म्हणजे त्रिकोणी, पंख, उतरतानाचा वेग ताशी तीनशेच्या वर, आणि पोरं किरणसारख्या सबसॉनिक, आवाजापेक्षा हळू, ट्रेनरवरून थेट ह्याच्यावर यायची. मधल्या पायरीचं जेट ट्रेनर पाहिजे हे १९८२ च्या समितीने सांगितलं आणि तसं ट्रेनर, हॉक, हवाईदलात आलं २००८ ला. ती २६ वर्षं लेखात दिसली पाहिजेत, त्याला जागा लागली तर लागू द्या.

ओझरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून टायर, ऑइलची टाकी, रंगाचे कोड हे सगळं काढलं, स्क्वाड्रनची यादी आणि अपघात वेगळ्या पानांवर नेले. हॉकचं तर मी लिहिलंच नव्हतं, एवढं सगळं गोळा करून तेच राहिलं होतं, आज लिहिते. लेख आता साडेतीन हजारावर आहे आणि ओझरचा भाग उलट वाढलाय. काका, बाबा पेंट शॉपला होते, ८९ पर्यंत. कॅनॉपीचं त्यांना विचारलं तर त्यांनी हातानेच करून दाखवलं, तळहात पुढून वर.

जुना_फिटर
पेंट शॉप म्हणजे आमच्या पुढची पायरी. बाबांना नमस्कार सांग, लेख झाला की लिंक टाक, मी बाकीच्या रिटायर मंडळींना वाचून दाखवतो.