अनुभव धागा: परदेशातल्या सरकारी शाळेत शिकवताना सुट्टी कशी मिळवलीत?

परदेशात शिक्षक म्हटलं की नातेवाईक म्हणतात, "मजा आहे बुवा, सुट्ट्याच सुट्ट्या!" सुट्ट्या असतात, पण आपल्याला हव्या तेव्हा नसतात. गणपती, लग्नकार्य, घरचं आजारपण यांसाठी कुणाशी, कधी, काय बोललात? तपशिलासकट लिहा. शाळेचं नाव नको.

इंग्लंड, माध्यमिक, गणित
इथल्या सरकारी शाळेत शिक्षकाचं वर्ष १९५ दिवसांचं. बाकी सुट्टी कॅलेंडरात छापलेली, सत्र चालू असताना रजा जवळपास नाहीच. त्यामुळे आमच्या घरी मुहूर्त काढताना गुरुजींच्या पंचांगाशेजारी माझं शाळेचं कॅलेंडर असतं. मे अखेरची आठवड्याची सुट्टी लग्नाला सोयीची, पण २०२६ला नेमका ज्येष्ठ अधिक! भावाचं लग्न मेच्या पहिल्या रविवारवर आलं, म्हणजे इयर इलेव्हनच्या मुलांच्या जीसीएसई (आपल्या दहावीसारख्या) परीक्षेच्या तोंडावर.

मी जानेवारीतच मुख्याध्यापिकांकडे गेले. "कौटुंबिक कार्यक्रम" असं मोघम न बोलता सख्ख्या भावाचं लग्न, तारीख आणि माझे बुडणारे तास लिहून दिले. ईस्टरच्या सुट्टीत उजळणीचे वर्ग घेते म्हटलं. त्या आठवडा द्यायला तयार नव्हत्या. शेवटी गुरुवार-शुक्रवार बिनपगारी मिळाले, सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी होतीच. हळद हुकली, लग्न मिळालं. पगार कापला त्याचं काही नाही, पण मंजुरी ईमेलवर घ्याच. तोंडी "हो" पुढच्या मीटिंगपर्यंत टिकेलच असं नाही.

जपान, कनिष्ठ माध्यमिक, इंग्रजी सहायक शिक्षक
मुलांना जुलैअखेरपासून ऑगस्टभर सुट्टी, पण शिक्षक शाळेत येतात आणि आपणही यायचं. घरी जायचं तर हक्काची रजा, म्हणजे 'नेनक्यू', खर्चायची. करार शिक्षण मंडळाशी असला तरी तारखा ठरतात उपमुख्याध्यापकांच्या टेबलापाशी. एप्रिलमध्ये वर्षाचं वेळापत्रक हातात आलं की मी ऑगस्टच्या तारखा पेन्सिलीने लिहून घेऊन जातो. क्रीडादिनाची तयारी सुरू झाल्यावर मागितली तर सर नुसते "सा..." म्हणून दातांतून हवा ओढतात. तो नकारच समजायचा. गणपती बहुतेकदा त्याच सुमारास येतात, त्यामुळे ते व्हिडिओ कॉलवर. येताना स्टाफरूमसाठी खाऊ आणावाच लागतो, तोही सुटा पाकीटबंद. पुण्याची बाकरवडी त्यात बसत नाही, लोणावळ्याची चिक्की बसते.

अमेरिका, प्राथमिक, जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमाचा) व्हिसा
पर्सनल डे, म्हणजे खाजगी कामाची रजा, दोन-तीनच, आणि आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये (शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळात) ते ख्रिसमसच्या सुट्टीला जोडता येत नाहीत. प्रिन्सिपॉल चांगल्या आहेत, पण नियम डिस्ट्रिक्टचा, तिथे घासाघीस चालत नाही. मी उन्हाळ्यावरच भिस्त ठेवते. पगार दहाऐवजी बारा महिन्यांत विभागून घेतला, म्हणजे जून-जुलैत खातं कोरडं पडत नाही. निघण्यापूर्वी डीएस-२०१९ या जे-१ च्या कागदावर प्रायोजक संस्थेची प्रवासाची सही आहे का बघा, आणि पासपोर्टवरचा व्हिसा संपला असेल तर मुंबईतल्या अपॉइंटमेंटची तारीख आधी घ्या, तिकीट नंतर.