जार्स ऑफ क्ले : पहिल्या अल्बमविषयी थोडी भर

जार्स ऑफ क्ले या अमेरिकी ख्रिस्ती रॉक बँडचा १९९५ चा पहिला अल्बम केवळ ‘फ्लड’ या गाण्याच्या जोरावर चालला, हे मत मला एकांगी वाटते. ते गाणे बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या चाळिसांत पोहोचले आणि ख्रिस्ती वर्तुळाबाहेरच्या रॉक रेडिओ केंद्रांवरही गाजले, हे खरेच. मात्र गिटारवादक व निर्माते एड्रियन बेल्यू यांनी निर्मिती केलेली गाणी दोनच, ‘लिक्विड’ आणि ‘फ्लड’. बाकीच्या गाण्यांची जबाबदारी इलिनॉयमधील ग्रीनव्हिल कॉलेजात सुरू झालेल्या या तरुण बँडने स्वतःच पेलली. बँडमध्ये कायमचा ड्रमवादक नसल्यामुळे अकूस्टिक गिटार, तंतुवाद्ये आणि यंत्रावर बांधलेले ताल यांची जी सांगड त्यांनी घातली, ती त्या काळच्या ख्रिस्ती रॉकमध्ये खरोखरच वेगळी होती.

याच अल्बममधील ‘वर्ल्ड्स अपार्ट’ सावकाश ऐकावे. गिटारच्या संथ साथीवर बँडचा गायक डॅन हेझलटाइन आपले दुबळेपण कबूल करत जातो आणि आपले जगच मोडून टाक, अशी देवाला विनवणी करतो. या गाण्यात उपदेशाचा लवलेशही नाही, आणि माझ्या मते अल्बमचे खरे बळ ‘फ्लड’मधील बुडणाऱ्याच्या धाव्यापेक्षाही इथे अधिक जाणवते.