'कॉस्ट-इफेक्टिव्ह'ला 'किफायतशीर' म्हणावं का?

शब्दवेडी: लसीकरण धोरणावरचा एक अहवाल मराठीत आणते आहे. 'कॉस्ट-इफेक्टिव्ह'ला मी 'किफायतशीर' लिहिलं, संपादकांनी खोडून 'परवडणारी लस' केलं. पटत नाही. परवडणं तिजोरीवर ठरतं. इथे प्रश्न आहे, घातलेल्या पैशाच्या मानाने किती धडधाकट आयुष्य पदरात पडतं हा. महागडी लससुद्धा त्या अर्थाने किफायतशीर ठरू शकते.

रोजकीर्द: बरोबर. ब्रिटनमध्ये 'मेन-बी' या मेंदूज्वराच्या लसीबद्दल लसीकरण समितीचं २०१३ मधलं प्राथमिक मत खर्चाच्या हिशोबाने प्रतिकूल होतं. २०१४ मध्ये 'कमी दरात मिळाली तर द्या' अशी शिफारस झाली, २०१५ पासून बाळांना मिळू लागली. पण 'किफायतशीर धंदा' म्हणतो ना आपण? नफ्याचा वास येतो.

अमरकोशी: शिवाय 'किफायत' अरबी. 'व्ययपरिणामकारक' घ्या.

शब्दवेडी: तो शब्द मोठ्याने एकदा वाचून बघा.

साधीभाषा: 'खर्चाच्या मानाने गुणकारी'?

रोजकीर्द: 'गुणकारी' नको, लस रोग किती रोखते याच्याशी गल्लत होईल. आणि ताई, 'डिस्काउंट रेट'चं काय केलंत?

शब्दवेडी: 'सवलतीचा दर'.

रोजकीर्द: अहो, मग वाचकाला वाटेल लस स्वस्तात मिळते आहे! हुंडीच्या व्यवहारातला 'वटाव' आहे की. माझे वडील पेढीवर होते, घरात रोज कानावर पडायचा. उद्याच्या लाभाचं आजचं मोल कमी धरायचं, एवढाच अर्थ. ब्रिटनमध्ये वर्षाला ३.५ टक्के धरतात; त्या हिशोबाने ३० वर्षांनंतरचे १०० आज जेमतेम ३६ उरतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची लस मुलीला आज टोचायची, कर्करोग टळतो कित्येक वर्षांनी. वटाव थोडा चढवला की तीच लस कागदावर महाग दिसते. हा शब्द चुकला तर सगळा वादच वाचकाच्या हातून निसटतो.

साधीभाषा: 'टोचणे'वरून आठवलं, आजी 'देवी काढल्या' म्हणायची. आत घालतात आणि म्हणायचं 'काढणे'?

रोजकीर्द: पूर्वी एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून लस काढून दुसऱ्याच्या दंडात घालत. त्यावरून आलं असावं असं मला वाटतं. जखमेतून येते तीही लसच ना!

अमरकोशी: 'काढणे' म्हणजे अंगावर उठवणे, नक्षी काढतात तसं. फोडाचा संबंध नाही.

शब्दवेडी: मजकूर उद्या द्यायचा आहे. 'वटाव' घेतला. 'किफायतशीर' ठेवू का?

अमरकोशी: आधी 'लसीबद्दल' सुधारा. म्हैस-म्हशी, तसं लस-लशी. 'लशीबद्दल'.

साधीभाषा: मग 'लशीकरण' का नाही?