'नोटोरिअस'मधला तो बटलर खरंच एवढा मोठा नट होता का?

प्रतापनगरचा_पक्या
काल रात्री हिचकॉकचा 'नोटोरिअस' (१९४६) पाहून राहिलो होतो. पार्टी रंगात आली असते, तेवढ्यात एक बटलर हळूच मालकाले सांगतो, शॅम्पेन संपत आली. मालक तळघराकडे निघतो तर किल्लीच गायब! सारा घोळ तिथून सुरू. तो बटलर म्हणजे कोणी ॲलेक्सिस मिनोटिस. आमच्या ग्रुपमधले एक सर म्हणतात, हा ग्रीसचा सर्वात मोठा ईडिपस (सोफोक्लिसच्या जुन्या ग्रीक नाटकातला राजा, नकळत बापाले मारून आईशी लग्न करणारा). मग इथं नोकर काहून? विचारतो कारण यंदा हौशी राज्य नाट्य स्पर्धेला आम्ही ईडिपस बसवून राहिलो अन् राजाचं काम मले भेटलं आहे.

बर्डीवाली
शॅम्पेन संपली हे पटेल असं सांगायलाही नटच लागतो नं, भाऊ 😄

महालचे_काका
पक्या, तुझे सर बरोबर सांगून राहिले.

मिनोटिस क्रीट बेटावरच्या हान्या गावचा. अथेन्सच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेतला पहिल्या फळीचा नट. १९३७ मध्ये रोंदिरिसच्या दिग्दर्शनात हॅम्लेट केला, १९३९ मध्ये तो लंडनला नेला. बायको कातिना पाक्सिनू, ती तर त्याच्याहून वरचढ म्हणणारेही आहेत. मीही त्यातलाच.

मग महायुद्ध आलं आणि दोघं अमेरिकेत. तिला हेमिंग्वेच्या कादंबरीवरच्या सिनेमात पिलारची भूमिका मिळाली आणि सहायक अभिनेत्रीचं ऑस्करही. ह्याला बटलर जोसेफ. माझं मत विचारशील तर, परक्या उच्चाराचं इंग्रजी बोलणाऱ्याला हॉलिवूड तेव्हा हेर, नोकर नाहीतर पुजारी एवढंच करायचं. पुढे 'लँड ऑफ द फॅरोज'मध्ये तो खरोखर पुजारी झालाच.

सायंटिफिक सभागृहात राज्य नाट्यच्या प्राथमिक फेरीत मी बरीच वर्षं लाइट केले. आमचा एक नट होता, माइकशिवाय मागच्या खुर्चीपर्यंत पोचायचा. मालिकेसाठी कॅमेऱ्यासमोर उभा केला तर दिग्दर्शक सारखा म्हणे, "कमी करा, अजून कमी करा." शेवटी त्याच्या वाट्याला दार उघडण्याचं काम उरलं. 'नोटोरिअस' परत बघ, मिनोटिस किती आवरून उभा आहे. चेहऱ्यावर काही नाही, फक्त मान किंचित झुकते.

आता खरी गंमत. १९५२ मध्ये ग्रीक राष्ट्रीय नाट्यसंस्था न्यूयॉर्कला गेली, ब्रॉडवेच्या मार्क हेलिंजर थिएटरात. नाटक 'ईडिपस राजा', तेही ग्रीक भाषेत. दिग्दर्शक मिनोटिस, ईडिपस मिनोटिस, आणि त्याची राणी योकास्टा कोण? पाक्सिनू! (घरची बायको रंगमंचावर आईही आणि बायकोही. सोफोक्लिसला काय त्याचं.) सहा वर्षांपूर्वी ज्या देशात शॅम्पेनची वर्दी देत होता, तिथंच राजा होऊन उभा राहिला.

प्रतापनगरचा_पक्या
बाप्पा! काका, हे तर माहीतच नव्हतं. दिग्दर्शनही करायचा?

महालचे_काका
जोरात. १९५५ मध्ये ग्रीसमधल्या एपिडॉरसचा नाट्यमहोत्सव रीतसर सुरू झाला तो त्याच्याच 'हेकुबा' नाटकानं, नायिका पाक्सिनू. १९५८ मध्ये अमेरिकेत डॅलसला गायिका मारिया कॅलासचा 'मेडिया' ऑपेराही त्यानंच बसवला. तालमीत ती गुडघ्यावर बसून देवांना हाक मारताना तळहातांनी जमीन बडवू लागली. मिनोटिस चाट पडला, कारण नेमकी हीच हालचाल त्याच्या आणि पाक्सिनूच्या मनात घोळत होती आणि तिला कोणी सांगितली नव्हती. विचारलं तर म्हणाली, त्या क्षणी हेच बरोबर वाटलं.

वडसेकर
एपिडॉरस म्हणजे ते उघड्यावरचं दगडी नं? आमच्या झाडीपट्टीत रात्रभर चालते नाटक, पण माइक टांगलेले असतात.

महालचे_काका
तेच. इ.स.पू. चौथ्या शतकातलं. ५५ रांगा, १२-१४ हजार माणूस बसतं, आणि नटाचा आवाज वरच्या रांगेपर्यंत नुसताच जातो. अशा जागी घडलेला आवाज स्टुडिओत कुठं मावणार?

पक्या, पाक्सिनूसाठी व्हिस्कोंतीचा 'रोक्को अँड हिज ब्रदर्स' (१९६०) बघ, त्यात ती आई आहे. आणि म्हातारपणी मिनोटिसनं 'कोलोनसचा ईडिपस' केला, तो आंधळा म्हातारा राजा. तुमच्या नाटकाची गोष्ट त्याच्या आधीची, त्यामुळे पहिल्याच प्रवेशात आंधळ्यासारखा चाचपडू नको. तो तेव्हा गावाचा रुबाबदार राजा आहे, रोगराईवर उपाय शोधून राहिला आहे. तालीम कुठं आहे ते कळव, शनिवारी येतो. लाइटचं कोणाला दिलं आहे?

प्रतापनगरचा_पक्या
लाइटचं कोणालाच नाही काका. म्हणूनच तर 🙏 शनिवारी सहा वाजता, पत्ता मेसेजवर टाकतो.