पोलवाल्यांना लोक खरंच खोटं सांगतात का? ब्रॅडली इफेक्टबद्दल

पैलतीर:
इथे न्यू जर्सीत आमच्या मराठी ग्रुपवर परत वाद पेटलाय. काहींचं ठाम मत की २०२४ ला कमला हॅरिस हरली कारण उमेदवार कृष्णवर्णीय असला की गोरे लोक पोलवाल्याला एक सांगतात आणि मत देताना भलतंच करतात, ह्याला म्हणे ब्रॅडली इफेक्ट म्हणतात. मग ओबामा दोनदा कसा आला? जाणकारांनी सांगा प्लीज, मला खरंच समजून घ्यायचंय.

शेवगा:
टॉम ब्रॅडली हा लॉस एंजेलिसचा कृष्णवर्णीय महापौर. १९८२ ला कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभा राहिला, पोलमध्ये पुढे, एक्झिट पोलने तर जिंकवूनच टाकला होता, आणि शेवटी ९३ हजारांच्या आसपास मतांनी पडला. पण केंद्रावर पडलेल्या मतांत तो पुढेच होता बरं का, त्याला पाडलं पोस्टाने आलेल्या मतांनी. रिपब्लिकनांनी त्या वर्षी पोस्टल मतांवर प्रचंड जोर लावला होता, आणि एक्झिट पोलवाला उभा असतो केंद्राच्या दारात, घरी बसून मत देणारा त्याला भेटणार कुठून? शिवाय पिस्तुलांवर निर्बंध आणायचा प्रस्ताव त्याच मतपत्रिकेवर होता, त्यामुळे गावाकडचे बंदूकवाले झाडून मतदानाला आले.

रानवारा:
बाकी पटलं, पण म्हणून वंशभेद नाहीच असं कुणी म्हणू नका, मला त्याची फार चीड येते. ज्याला कृष्णवर्णीय उमेदवार नकोच असतो त्याला खोटं बोलायची गरजच काय? तो सरळ सांगतो मी रिपब्लिकनला देणार, कारण विचारलं की टॅक्स नाहीतर अनुभव पुढे करतो. पोल बरोबर येतो आणि भेद त्या आकड्याच्या आतच बसलेला असतो. एक्झिट पोलप्रमाणे २००४ ला डेमोक्रॅट उमेदवार केरीला, तो गोराच, गोऱ्यांची ४१ टक्के मतं, २००८ ला ओबामाला ४३. लोक म्हणतात बघा वाढली. अहो लेहमन बँक बुडालेली, बुश नकोसा झालेला, आणि अशा वर्षी फक्त दोन टक्के जास्त? गोरा डेमोक्रॅट असता तर किती पडली असती हे कुठला पोल सांगणार?

तिखटमीठ:
मी स्टुडंट असताना फोन सर्व्हेचं काम केलंय. सुरुवातीलाच नाव सांगावं लागायचं आणि माझं देशी नाव ऐकलं की इमिग्रेशनच्या प्रश्नावर लोक एकदम गोड बोलायचे, शेजारच्या गोऱ्या मुलीला मात्र फटकळ उत्तरं मिळायची. तेव्हा लोक सावरून बोलतात हे खरंय. पण खरा त्रास वेगळाच, फोन कुणी उचलतच नाही, आणि जे बोलतात ते बहुतेक राजकारणाची आवड असलेले, मग बाकीच्यांचं काय ते अंदाजाने भरायचं.

पैलतीर:
मग २०२४ ला पोल चुकलेच ना?

शेवगा:
थोडे चुकले. हॅरिस फार तर एखादा टक्का पुढे दाखवत होते, निकाल ट्रम्प ४९.८, हॅरिस ४८.३. पण २०२० बघा, दोघंही गोरे, पोल बायडनला आठेक टक्के पुढे सांगत होते आणि तो जिंकला साडेचारने. चूक जास्त मोठी! वंशामुळे लोक खोटं बोलत असते तर उलटं दिसायला हवं होतं. ट्रम्पचा मतदार सर्व्हेवाल्याला हाती लागत नाही असंच बऱ्याच जणांचं निदान आहे. आणि ओबामाचं विचारत होतास ना, २०१२ ला गॅलप ह्या सर्व्हे कंपनीच्या शेवटच्या पोलमध्ये त्याचा रिपब्लिकन प्रतिस्पर्धी रॉम्नी एक टक्का पुढे होता, ओबामा जवळपास चारने जिंकला.