'कॉपीज पर एमएल'ला मराठीत काय म्हणाल?

राजारामपुरीकर:
दाजींना त्यांच्या आईची किडनी बसवून पाच महिने झाले. दर महिन्याला रक्तातल्या बीके व्हायरसची (बसवलेल्या किडनीला त्रास देऊ शकणारा विषाणू) पीसीआर असते, म्हणजे त्याचा डीएनए मोजायची चाचणी. परवा रिपोर्टात आलं, '२,४०० कॉपीज पर एमएल'. घरी सांगायला गेलो आणि भाषाच अडकली. आधी आजी: "सीपीआरला कशापायी न्यायचं? जावईबापू चांगलं हिंडाय-फिराय लागल्यात की!" कोल्हापुरात सीपीआर म्हणजे प्रमिलाराजे रुग्णालय, तिची काय चूक? मामा पोलीस खात्यातले, त्यांच्या कानाला पीसीआर म्हणजे कोठडी. ते निभावलं. पण कॉपीज? 'प्रति मिलिलिटर २,४०० प्रती' असं लिहिलं आणि मलाच वाचवेना.

बोरू:
पहिली ऱ्हस्व, 'दर' या अर्थाची. दुसरी दीर्घ, 'प्रत'चं अनेकवचन. कागदावर कळतं, तोंडात नाही. 'दर मिलिलिटरला २,४०० प्रती' लिहा, भांडण मिटलं.

गूळवाला:
आमच्या शाहूपुरीत प्रत म्हटलं की गुळाची. व्हायरस कुठल्या प्रतीचा, असं विचारतील लोक. त्यापेक्षा 'नक्कल' घ्या. सातबाराची नक्कल सगळ्यांना ठाऊक आहे.

लॅबवाली:
नक्कल नको, त्यानं खरा घोटाळा होईल. पीसीआर म्हणजे नकला काढण्याचंच काम. डीएनए दर फेरीला दुप्पट होतो, ३० फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी. मग लोकांना वाटतं, रिपोर्टातल्या कॉपीज मशीननं काढलेल्या. तसं नाही. डीएनए पुरेसा वाढला की नमुना चमकतो; कितव्या फेरीला चमकला ते बघायचं, प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्यांशी ताडायचं आणि मूळ रक्तात किती होतं ते काढायचं. लवकर चमकला तर जास्त, उशिरा चमकला तर कमी. म्हणजे २,४०० हा जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या रक्ताचा हिशोब आहे, मशीनचा नाही.

बोरू:
मग सरळ 'दर मिलिलिटरला २,४०० विषाणू' का नको?

लॅबवाली:
मोह होतो, पण प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, सापडतो तो विषाणूचा डीएनए, बराचसा तुकड्यांत. प्रत्येक तुकड्यामागं अख्खा विषाणू असेलच असं नाही. 'विषाणूच्या डीएनएच्या प्रती' हे लांबलचक आहे, पण खोटं नाही.

गूळवाला:
आणि व्हायरल लोड, म्हणजे हाच आकडा, त्याला काय म्हणायचं? आमच्या पोरानं ऐकलं तर म्हणेल, "दाजी, लोड घेऊ नका."

राजारामपुरीकर:
आजीला लोड म्हणजे तक्क्याशेजारचा. :)

बोरू:
'विषाणूभार' छान आहे. भार कमी होतो, वाढतो, उतरतो, सगळी क्रियापदं आयती मिळतात.

लॅबवाली:
मला पटलं. शब्द सोडून एक सांगते. मागच्या महिन्यात १,८०० आणि आता २,४०० असं असेल तर वाढला म्हणून हबकू नका. तिपटीच्या आतला फरक चाचणीचाच असू शकतो. दोन वेगळ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवून तर मुळीच बघू नका. सलग हजाराच्या वर राहिला किंवा एकदम दहा हजारांपलीकडं गेला, तर डॉक्टर सहसा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी करतात, कारण सीएमव्ही या दुसऱ्या विषाणूवर आहे तसं खात्रीचं औषध बीकेवर नाही. पण ते त्यांनीच ठरवायचं. घरी गोळी मोडायची नाही, नाहीतर शरीर किडनीच नाकारायला लागतं.

गूळवाला:
हे बीके कुणाचं नाव?

लॅबवाली:
१९७१ साली ज्या रुग्णाच्या लघवीत पहिल्यांदा सापडला त्याची आद्याक्षरं. त्यालाही किडनी बसवलेलीच होती. बहुतेकांना हा लहानपणीच होऊन जातो आणि मग मूत्रपिंडात गुपचूप पडून राहतो. गोळ्यांनी पहारा सैल झाला की उठतो.

राजारामपुरीकर:
मी शेवटी वहीत 'विषाणूभार, दर मिलिलिटरला २,४०० प्रती' असं लिहिलं आणि लॅबवालींचं तिपटीचं खाली जोडलं. दाजींना ते पटलं, डॉक्टरांनीही दोन आठवड्यांनी परत तपासू म्हटलंय. घरात मात्र हे कुणीच म्हणत नाही. सगळे नुसतं 'आकडा' म्हणतात. काल आजीनं गॅलरीतून खाली हाक मारली, "जावयाचा आकडा काय आला रं?" खालचे जोशीकाका थांबलेच. त्यांना वाटलं, दाजी मटका खेळतात.