धैर्याच्या गोष्टीत जळलेल्या शेपटीला पिसारा फुटावा का?

पिंपळपान: वाचनालयातल्या ५ ते ८ वयाच्या मुलांसाठी गोष्ट लिहितोय. मूळ कथा मेक्सिकोतल्या माझातेक लोकांची. विस्तव एका म्हातारीने स्वतःपुरता अडवून ठेवलाय, बाकी सगळे गारठलेत. त्लाक्वाचे, म्हणजे ओपॉसम नावाचा मांजराएवढा प्राणी, शेकायच्या निमित्ताने तिच्याकडे जातो, शेपूट पेटवतो आणि धूम ठोकतो. विस्तव सगळ्यांना मिळतो, त्याची शेपटी मात्र कायमची बोडकी. चित्रं आलेब्रिखे शैलीत, म्हणजे मेक्सिकोच्या वाहाका राज्यातल्या त्या ठिपक्या-रेघांच्या भडक लाकडी प्राण्यांसारखी. माझ्या शेवटात शेपटीवर बक्षीस म्हणून रंगीत पिसारा फुटतो. कसं वाटतं?

खडीसाखर: असहमत. पिसारा फुटला की गोष्ट मेली. भाजलं आणि ते तसंच राहिलं, हेच तर धैर्य.

सुपारी_कातरी: पाच वर्षांच्या मुलांना झोपताना भाजलेली शेपटी देऊन पाठवणार? पिसारा असू दे. शिवाय ही सरळ चोरी आहे, त्याचं काय?

खडीसाखर: चोरी कसली! म्हातारीची चूल विझली का? आणि लंकादहन आपण मुलांना याच वयात सांगतो की.

सुपारी_कातरी: सांगतो, पण तिथे सीता अग्नीची प्रार्थना करते आणि मारुतीची शेपटी भाजत नाही. मुलं निर्धास्त ऐकतात ती म्हणूनच. तुमच्या त्लाक्वाचेच्या पाठीशी कोण आहे?

खडीसाखर: कोणीच नाही, म्हणून तर मला तो जास्त आवडतो. तसा तो भित्राच. त्याच्या जातीचे प्राणी संकटात मेल्यासारखे पडतात, आणि ते सोंगही नसतं, शरीर आपोआप तसं होतं. असा प्राणी आगीत शेपूट घालतो!

दुर्बीण: शेपटीचं तुम्ही बघा. मला खटकतंय ते वेगळंच, मुलांना हे सगळं एकच 'प्राचीन मेक्सिको' वाटणार. आलेब्रिखे मेक्सिको सिटीतले. पेद्रो लिनारेस हे कागदी लगद्याचे कारागीर, ईस्टरच्या आदल्या दिवशी जाळतात ते जुदासचे (येशूला दगा देणाऱ्या शिष्याचे) पुतळे करायचे. १९३६ च्या सुमारास आजारपणात त्यांना स्वप्नात हे चित्रविचित्र प्राणी दिसले, असं ते सांगत. वाहाकातलं कोपाल लाकडाचं कोरीवकाम वेगळं. अराझोला गावच्या मानुएल हिमेनेस यांनी ते नावारूपाला आणलं, आलेब्रिखे हे नाव त्याला नंतर चिकटलं. माझातेक कथेचा दोन्हींशी संबंध नाही. उगाच खिचडी.

पिंपळपान: हे प्रस्तावनेत दोन ओळींत घालतो. पण त्या स्वप्नात गाढवाला फुलपाखराचे पंख होते आणि कोंबड्याला बैलाची शिंगं! खिचडी तर या कलेच्या रक्तातच आहे.

दुर्बीण: प्राण्यांची खिचडी त्यांनी केली, लोकांची तुम्ही करताय. फरक आहे.

पिंपळपान: बरं, 'माझातेक कथा, चित्रं आलेब्रिखेंवरून' असं मुखपृष्ठावरच छापतो. अंगभर ठिपके, रेघा, हवे तर पंखही. शेपटी मात्र कोऱ्या लाकडाच्या रंगाची, बिनठिपक्यांची.

खडीसाखर: +१

सुपारी_कातरी: माझा विरोध नोंदवून ठेवा. निदान शेवटच्या चित्रात कोणीतरी त्या शेपटीला काही लावतंय असं दाखवा. आणि त्या म्हातारीला चेटकीण करू नका हो, नाक तरी सरळ काढा तिचं.